बोलक्या भिंती, मुकी पोरं

भिंतींना कान असतात, हे आपल्याला पूर्वीपासून ठाऊक होतं. त्यांना तोंडही असतं, हा शोध मात्र शिक्षणखात्याचा. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत महाराष्ट्रातल्या प्राथमिक शाळांच्या भिंती 'बोलक्या' झाल्या, आणि एकदा वाचा फुटलेली भिंत काही केल्या गप्प बसत नाही.

हल्ली कुठल्याही शाळेत शिरा. जिना चढू लागलात की पाढे पायाखाली येतात. (आमच्या वेळी ते डोक्यावरून जायचे.) व्हरांड्याच्या खांबांवर राष्ट्रपुरुष आणि त्यांच्या शेजारी राष्ट्रीय पक्षी. वर्गात पाऊल टाकलं की मग विचारूच नका. एका भिंतीवर बाराखडी, दुसरीवर विरुद्धार्थी शब्द, तिसरीवर जिल्ह्याचा नकाशा, आणि चौथीवर, म्हणजे जिच्याकडे मुलांच्या पाठी असतात तिच्यावर, सुविचार. सगळं ऑइलपेंटमध्ये. ऑइलपेंटचा मोठा गुण म्हणजे तो निघत नाही. पहिलीत 'उंच–ठेंगणा' पाहिलेलं पोर चौथीत जाऊन चांगलं वीतभर वाढतं, भिंत आपली 'उंच–ठेंगणा'च म्हणत असते.

माझं भांडण रंगाशी नाही. ही भिंत बोलते ती कोणाशी, एवढाच माझा प्रश्न आहे. गुडघे साथ देत असतील तर वर्गात जरा उकिडवे बसून पाहा. पहिलीतलं मूल उभं राहिलं तरी त्याचे डोळे जमिनीपासून साडेतीन फुटांच्या आतच असतात. आणि तक्ते टांगलेले असतात साडेपाच-सहा फुटांवर. त्या उंचीवर नजर कोणाची पोचते? तपासणीला आलेल्या साहेबांची! म्हणजे भिंत बोलते साहेबांशी आणि मुलं खाली बसून मोठ्या माणसांचं बोलणं ऐकतात, जसं घरी ऐकतात तसं.

बरं, बोलते तरी काय? 'अ अननसाचा.' ज्यांनी अननस फक्त तक्त्यावरच पाहिलाय अशी हजारो पोरं या राज्यात असतील. 'ए एडक्याचा.' एडक्याला पोरं मेंढा म्हणतात, आणि मेंढा म्हटलं की 'म' होतो. आता करा काय करायचं ते! 'ऐ ऐरणीचा' म्हणावं तर ऐरण पाहायला लोहार शोधत हिंडावं लागतं.

विदर्भातल्या एका शाळेत मी स्वतः पाहिलेली गोष्ट सांगतो. तक्त्यावरच्या पेरूवर छडी ठेवून गुरुजींनी विचारलं, "हे काय?" पुढच्या रांगेतलं एक पोरगं मोठ्या उत्साहानं ओरडलं, "जांब!" त्याच्या घरी, त्याच्या गावात, त्याच्या आजीच्या तोंडी पेरूला जांबच म्हणतात. गुरुजी म्हणाले, "चूक. पेरू म्हण." पोरगं म्हणालं पेरू. त्यानंतर तासभर मी तिथं होतो. ते पुन्हा काही म्हणालं नाही. गुरुजींच्या हिशेबानं त्याला एक शब्द मिळाला. माझ्या हिशेबानं त्याच्याजवळचा एक शब्द गेला आणि जाताना तोंड उघडण्याची हिंमतही घेऊन गेला. दुकानदाराचा हिशेब असा असता तर दुकान कधीच बसलं असतं.

आणि भिंत भरगच्च असली की मूल जास्त शिकतं, हे तरी कोणी ठरवलं? अमेरिकेत कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संशोधकांनी बालवर्गातल्या २४ मुलांना काही धडे सजवलेल्या वर्गात आणि काही उघड्याबोडक्या भिंतींच्या वर्गात शिकवले, आणि २०१४ साली निष्कर्ष छापले. सजवलेल्या वर्गातल्या धड्यांवर मुलांची सरासरी ४२ टक्के उत्तरं बरोबर, बोडक्या वर्गातल्या धड्यांवर ५५ टक्के. २४ मुलांवरून जगाचा न्याय करू नये, हे मला कळतं. पण ज्याला मांडव परतणीच्या लग्नात मंगलाष्टकं ऐकू आलेली नाहीत, त्याला या आकड्यांचं नवल वाटणार नाही.

तरी सगळंच टाकाऊ आहे असं मी म्हणत नाही. वास्तुविशारद कबीर वाजपेयी आणि त्यांची 'विन्यास' संस्था यांनी इमारतीलाच शैक्षणिक साहित्य करण्याची जी कल्पना मांडली, तीत दाराखालच्या जमिनीवर कोनमापक रंगवलेलं असतं. मुलानं दार ढकललं की कोन उघडतो; काटकोन म्हणजे काय ते हाताला कळतं. झकास! पण ते झकास का? तर तिथं मूल काहीतरी करतं. आम्ही उचलला तो रंगाचा डबा. दार ढकलणारा हात तेवढा विसरलो.

न्यूझीलंडमध्ये सिल्व्हिया अ‍ॅश्टन-वॉर्नर नावाच्या बाई माओरी मुलांच्या शाळेत शिकवत. छापील वाचनपाठांतली गोऱ्या घरांतली मुलं त्यांच्या विद्यार्थ्यांच्या काही पचनी पडेनात. मग बाई एकेका मुलाला विचारू लागल्या, तुला कुठला शब्द हवा? मागेल तो शब्द जाड कार्डावर लिहून त्याच्याच हातात द्यायच्या. दुसऱ्या दिवशी वाचता आला तर शब्द त्याचा. नाही आला तर फेकून द्यायचा. शब्द, मूल नव्हे! पोरांनी काय मागितलं असेल? भूत मागितलं. आणि भूत एकदा वाचलं की कोणी विसरत नसे. १९६३ सालच्या 'टीचर' या पुस्तकात बाईंनी हे सारं लिहून ठेवलंय. आमच्या तक्त्यावर मात्र 'भ' अजून भटजीचा. चिंचेवरचं भूत खिडकीतून डोकावत असलं तरी!

एवढं लांब जायचीही गरज नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्रामबालवाडी काढली, तेव्हा त्या आणि अनुताई वाघ शिंपले, बिया, पानं, खडे असल्या फुकटच्या मालावर मुलांना शिकवत होत्या. तो माल मुलांनीच गोळा केलेला असे. त्याला टेंडर लागत नसे.

म्हणून माझं मागणं अगदी स्वस्तातलं आहे. वर्गात मुलांच्या छातीच्या उंचीवर एक सुतळी बांधा. कपडे वाळत घालायचे चिमटे आणा. रद्दी पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापा आणि मुलांना शब्द आणायला सांगा. वैशाखात शाळा नसते हे खरं, पण जूनमध्ये आल्याबरोबर पोरं आंब्याचेच शब्द आणतील : मोहोर, कैरी, पाड, अढी, चीक, कोय, साठं. मग पाऊस लागला की भुरभुर, पिरपिर, सर, झड, वळीव. ही माळ कुठल्या छापील तक्त्यावर आहे? प्रत्येक पट्टीवर खाली शब्द आणणाऱ्याचं नाव. पेरू आणि जांब एकाच चिमट्यात, शेजारी शेजारी. मुलं दोन्ही शिकतील. दोन शब्द शिकल्यानं पोट फुगल्याचं उदाहरण वैद्यकात नाही. महिन्यानं सगळ्यांना पाठ झालेल्या पट्ट्या उतरवून पेटीत टाकायच्या आणि सुतळी पुन्हा मोकळी करायची.

"आणि प्रमाण मराठीचं काय?" असं विचारणारे आहेतच. अहो, प्रमाण मराठी कुठं पळून चाललीय? जे पोर स्वतःचा शब्द चारचौघांत उभं राहून वाचतं, ते तुमचाही वाचील. ज्याच्या तोंडाला पहिल्याच दिवशी कुलूप पडलं, त्याच्याकडून तुम्ही कुठली मराठी वदवणार?

हे सांगितलं की शिक्षक खासगीत विचारतात, "ते ठीक आहे हो, पण साहेब आले तर भिंतीवर दाखवायचं काय?" साहेबांना खुर्ची देण्याआधी एक कोरी पट्टी द्या आणि जाड पेन द्या. लहानपणी घरी बोलत होते तो एखादा शब्द लिहून, खाली नाव घालून, स्वतः वाकून चिमटा लावा म्हणावं. वेलांटी चुकली तर दुसऱ्या रांगेतली मुलं सांगतील.