जेबीएल आहे काय भाऊ?

लग्नसराईत एकदा सावनेरला या. नागपूरहून छिंदवाडा रोडनं तासाभरात पोचाल. वरात निघाली की पिकअपवर काळ्या खोक्यांची भिंत उभी, आणि काही खोक्यांवर ठसठशीत तीन अक्षरं, पुढे उद्गारचिन्ह : जेबीएल! आत नक्की कुठला माल आहे, ते खोकं ठोकणाऱ्यालाच ठाऊक. पण स्टिकर मस्ट. गाणंसुद्धा साधं नको, 'जेबीएल व्हायब्रेशन मिक्स' हवं.

जुन्या हाय-फाय शौकिनांना हे बघवत नाही. त्यांच्या लेखी जेबीएल म्हणजे १९७० साली आलेला एल-१००. बारा इंची वूफर, पुढे चौकड्या-चौकड्यांची फोमची जाळी, तीही चक्क केशरी! रेकॉर्डिंग स्टुडिओतल्या ४३१० मॉनिटरचं हे घरगुती रूप. अमेरिकेत तो धो-धो खपला. आपल्याकडे तेव्हा हॉलमध्ये फिलिप्स, सोनोडाइन किंवा कॉस्मिक असायचे. जेबीएल बघायचा तर कुणाचा तरी काका 'फॉरेन'ला हवा.

मग हे नाव इतकं स्वस्त कसं झालं? थोडं कंपनीनंच केलं. २०१२ मध्ये 'फ्लिप' आला आणि जेबीएल हॉलमधून निघून सॅकच्या साइड पॉकेटमध्ये गेला. २०१७ मध्ये सॅमसंगनं जेबीएलची मालक कंपनी हरमन सुमारे ८ अब्ज डॉलरला घेतली. २०१९ ला आलेल्या टाटा हॅरियरच्या वरच्या मॉडेलमध्ये जेबीएलचे नऊ स्पीकर होते. हरमनचा एक कारखाना तर आपल्या चाकणलाच आहे. आज याच नावानं हातात मावणारा 'गो' मिळतो आणि लाखांतले स्पीकरही मिळतात. शौकिनांचं दुखणं हेच : दोघांवर लोगो एकच.

पण 'ब्रँड बिघडला' हे मला पटत नाही बुवा. जेम्स लान्सिंगनं ही कंपनी १९४६ मध्ये काढली आणि १९४९ मध्ये तो गेलाही. त्याआधी, १९३० च्या दशकात, तो आणि त्याची आधीची कंपनी एमजीएम स्टुडिओसाठी थिएटरचे भोंगे बनवत होती. हजार माणसांना ऐकू जाईल असा आवाज, हाच मुळी त्याचा धंदा. १९६९ च्या वूडस्टॉकलाही जेबीएलचे स्पीकर होते. एल-१०० वर तर नाकं मुरडणारे तेव्हाही होतेच : बेस फार, हा रॉकवाल्यांचा डबा! म्हणजे वरातीतला पोट्ट्या लान्सिंगपासून तितका लांब नाही, जितका आरामखुर्चीतल्या काकांना वाटतो. फरक एवढाच की थिएटरला भिंती होत्या. सावनेरच्या गल्लीत भिंती आहेत त्या लोकांच्या घरांच्या, आणि आत कुणाची तरी आजी झोपलेली असते.

खरा अन्याय बघायचा तर डॉल्बीचा बघा. रे डॉल्बीनं १९६५ मध्ये कंपनी काढली ती टेपवरची खरखर कमी करायला. आणि कोल्हापूर-साताऱ्याकडे 'डॉल्बी' म्हणजे छातीत धडधडणारी भिंत! 'डॉल्बीमुक्त गणेशोत्सव' अशा मोहिमा निघतात. बिचाऱ्यानं भिंत बनवलीही नाही, नाव मात्र गेलं. आमच्याकडे विदर्भात निदान सरळ 'डीजे' म्हणतात.

तुम्ही रूमवर ठेवायला छोटा स्पीकर घेणार असाल, तर दुकानातच कंपनीच्या ॲपला जोडून बघा. ॲप चालणाऱ्या मॉडेलची डुप्लिकेट बहुधा तिथंच अडकते. बिल घ्या. आणि दुकानदार फुल व्हॉल्यूमवर ठेवून 'सर, बेस बघा' म्हणाला, की आवाज निम्म्यावर आणून एखादं तुमच्या पाठांतलं गाणं लावा.

वरातीतल्या खोक्याला ॲप नसतं. त्याला फक्त घड्याळ असतं : २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ भोंगे बंद. त्यामुळे पावणेदहाला शेवटचं गाणं लागतं, आणि ते सगळ्यात मोठ्यानं लागतं.