काच पासिंगपुरती नको

पिकअप किंवा टेम्पो पासिंगला न्यायची तारीख आली की आपल्याकडे एकच धावपळ उडते. कुणाचा तरी टेललॅम्प मागून आणायचा, रिफ्लेक्टरची पट्टी चिकटवायची, वायपरला नवे रबर घालायचे. हे सगळे दिवसभरात उरकते. घोडे अडते समोरच्या काचेपाशी. चार महिन्यांपूर्वी खडी उडून पडलेल्या हरभऱ्याएवढ्या टवक्याचा एव्हाना हातभर तडा झालेला असतो. मग ‘साहेब, एवढ्यानं काय होतंय?’ अशी विनवणी सुरू होते.

काय होतं, ते भाजीपाला घेऊन रात्री दोनला बाजार समितीकडे निघणाऱ्या चालकाला विचारा. समोरून ट्रक आला की त्याच्या दिव्यांचा झोत तड्यावर पसरतो आणि डोळे दिपतात. कडेने चाललेली विनादिव्याची बैलगाडी नेमकी त्या क्षणी दिसत नाही.

समोरची काच साधी नसते. दोन काचांच्या मध्ये प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा असतो. तिला लॅमिनेटेड काच म्हणतात, आणि केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम १०० प्रमाणे समोर तीच लागते. दगड बसला तर बहुधा बाहेरचाच थर फुटतो, म्हणून लहान टवका दुरुस्त होऊ शकतो. कारागीर त्यातली हवा ओढून घेतो, पातळ रेझिन भरतो आणि अतिनील दिव्याखाली ते कडक करतो. बारीक डाग राहतो, पण तडा सहसा पुढे सरकत नाही. मात्र टवक्यात धूळ-पाणी शिरले की रेझिन नीट धरत नाही. तेव्हा त्याच दिवशी वरून पारदर्शक चिकटपट्टी लावा, आणि उन्हात तापलेल्या काचेवर विहिरीचं गार पाणी मारू नका. तडा कडेपर्यंत गेला असेल किंवा चालकाच्या नजरेसमोरच असेल तर काच बदलावीच लागते. बदलताना कोपऱ्यातली आयएसआयची खूण पाहून घ्या. (काळी फिल्म तर सर्वोच्च न्यायालयाने २०१२ सालीच बंद केली. तरी ती लावून मिरवणारे आहेतच!)

आता पैशाचं. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर काचेला दमडी मिळत नाही. पूर्ण विमा असेल तर काचेच्या किमतीतून घसारा कापत नाहीत. पण दावा केला की नो क्लेम बोनस जातो, म्हणून आधी हिशेब मांडा.

मालवाहू गाडीला पहिली ८ वर्षे दर २ वर्षांनी आणि पुढे दरवर्षी फिटनेस लागतो. तो संपला की मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५६ प्रमाणे गाडीची नोंदणीच वैध धरली जात नाही. अशा गाडीला अपघात झाला तर विमा कंपनी तेच बोट धरून वाद घालते, आणि कोर्टाच्या खेपा मालकाच्या नशिबी येतात.

सगळा दोष गाडीवाल्यांच्या माथी मारूनही चालणार नाही. ही खडी येते कुठून? ताडपत्री न टाकता धावणाऱ्या डंपरमधून आणि डागडुजीनंतर तशीच सोडलेल्या रस्त्यांवरून. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी पंचायतीच्या रस्त्याचं बिल काढण्याआधी एकदा त्या रस्त्याने चालत जावं, आणि सुटी खडी झाडून घेतल्याशिवाय ठेकेदाराच्या कागदावर सही करू नये.