वादळाआधी शिकायचे शब्द

जपानमधील अनेक भाषाशाळांचे एक सत्र ऑक्टोबरमध्ये सुरू होते. ‘तायफू’ म्हणजे तिकडची चक्रीवादळेही प्रामुख्याने ऑगस्ट ते ऑक्टोबर याच महिन्यांत त्या देशावर येतात. त्यामुळे पुण्यात दोन-तीन वर्षे जपानी शिकून तिकडे गेलेल्या मुलामुलींची पहिली मोठी कसोटी कधीकधी वर्गात होत नाही. ती बंद खिडकीआड, एकट्याने काढलेल्या एखाद्या रात्री होते.

२०१९ मध्ये ‘हगिबिस’ हे वादळ १२ ऑक्टोबरला इझू द्वीपकल्पावर धडकले. हाकोने येथे त्या एका दिवसात ९२२.५ मिलिमीटर पाऊस झाला. पुणे शहरात साऱ्या पावसाळ्यात सरासरीने पडतो त्याहूनही अधिक. टोकियो परिसरातील बहुतेक रेल्वेगाड्या आधी जाहीर करून थांबवण्यात आल्या होत्या. अशा वेळी फोन कर्कश वाजतो, गल्लीतील ध्वनिक्षेपक बोलू लागतो आणि परीक्षेत उत्तम गुण मिळवलेल्या विद्यार्थ्याला त्यातील निम्मेही उमगत नाही.

ही बुद्धीची उणीव नव्हे. परभाषा दिवसभर ऐकणे हे मेंदूचे कष्टाचे काम आहे. त्यात प्रवासाचा शिणवटा, अपुरी झोप आणि बदललेला आहार यांची भर पडते. भीतीने लक्ष आक्रसते, शिकलेले शब्दही वेळेवर आठवत नाहीत. शिवाय संकटाची भाषा पाठ्यपुस्तकातील भाषेहून निराळी असते.

जपानने हा धडा १७ जानेवारी १९९५ च्या कोबे भूकंपानंतर घेतला. परदेशी रहिवाशांपर्यंत सूचना नीट पोहोचल्या नव्हत्या. त्यातून ‘यासाशिइ निहोंगो’ म्हणजे सोपी जपानी ही कल्पना पुढे आली. ‘हिनान’ या भारदस्त शब्दाऐवजी ‘निगेते कुदासाइ’, म्हणजे ‘पळून सुरक्षित जागी जा’, असे तीत म्हटले जाते. तरीही प्रत्येक सूचना सोपी असेलच असे नाही. म्हणून विमानात बसण्यापूर्वीच काही शब्द कानाला ओळखीचे करून घ्यावेत : हिनान, सुरक्षित स्थळी जाणे; तेइदेन, वीज जाणे; दान्सुइ, पाणी बंद होणे; हान्रान, नदीला पूर येऊन पाणी पात्राबाहेर पडणे. धोक्याच्या सूचनांना पाच पातळ्या असतात. धोक्याच्या जागी राहणाऱ्यांनी चौथ्या पातळीलाच बाहेर पडावे; पाचवीची वाट पाहू नये.

पोहोचल्यावर पहिल्याच आठवड्यात जवळचे आश्रयस्थान प्रत्यक्ष चालत जाऊन पाहावे. दरमाणशी दररोज तीन लिटर या हिशेबाने तीन दिवसांचे पाणी, न शिजवता खाता येईल असे अन्न, विजेरी आणि नेहमीची औषधे जवळ ठेवावीत. शाकाहारी मुलांनी अधिक दक्ष असावे, कारण वादळाच्या आदल्या दिवशी दुकानांतील फळ्या रिकाम्या होतात. वारा एकाएकी पडला तरी बाहेर जाऊ नये. तो वादळाचा डोळा असू शकतो आणि पाठोपाठ वारा उलट दिशेने सुटतो. रुग्णवाहिकेसाठी ११९ हा क्रमांक लक्षात असावा. शेजाऱ्यांशी आधीच ओळख करून घ्यावी. ऐन वेळी दारावर टकटक करण्याचा संकोच वाटत नाही.

घरच्यांचेही एक काम आहे. जपानचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे असते. इथले रात्रीचे साडेदहा म्हणजे तिथले पहाटेचे दोन. काळजीपोटी सारखे फोन केले, तर मुलांची झोप आणि फोनची बॅटरी दोन्ही संपतात. दिवसातून दोन ठरलेल्या वेळी ‘ठीक आहे’ एवढा निरोप पुरेसा मानावा. दूरचित्रवाणीवरील दृश्ये त्यांना पाठवू नयेत. ‘परत ये’ असे म्हणण्याऐवजी ‘जेवलास का? झोप झाली का?’ असे विचारावे.

वादळ ओसरल्यावरच्या निरभ्र आकाशाला जपानीत ‘तायफू इक्का’ म्हणतात. मनाचे आकाश मात्र इतक्या लवकर निवळत नाही. काही दिवस दचकून जाग येणे, घरची तीव्र आठवण येणे स्वाभाविक आहे. दोन आठवड्यांनंतरही झोप, भूक वा अभ्यास यांची घडी बसत नसेल, तर शाळेतील समुपदेशकाला भेटावे. मोडक्यातोडक्या जपानीत सांगितले तरी चालेल. मदत मागताना व्याकरण कोणी तपासत नाही.