मोबाइल आला; हक्काचे काय?

देशातील खेड्यापाड्यांत इंटरनेट पोहोचले, मजुराच्या खिशात जग आले, अशी द्वाही सत्ताधारी आणि दूरसंचार भांडवलदार गेले दशकभर एका सुरात फिरवीत आहेत. हातात यंत्र आले हे खरे. ते कोणाच्या अटींवर आले, हा प्रश्न मात्र प्रगतिविरोधी ठरविला जातो.

५ सप्टेंबर २०१६ रोजी रिलायन्स जिओने सेवा सुरू केली आणि मार्च २०१७ अखेरपर्यंत ती जवळजवळ फुकट वाटली. तेलाच्या धंद्यातील पैसा पाठीशी असलेल्या या कंपनीपुढे लहान कंपन्या टिकल्या नाहीत. काही विकल्या गेल्या, काहींचे दिवाळे निघाले. आज खासगी क्षेत्रात तीनच कंपन्या उरल्या आहेत आणि त्यांपैकी तिसरीचे भागभांडवल सरकारलाच घ्यावे लागले आहे. प्रतिस्पर्धी सरले तसे औदार्यही सरले. जुलै २०२४ मध्ये तिन्ही कंपन्यांनी एकाच आठवड्यात दर वाढविले. जिओचा १५५ रुपयांचा रिचार्ज १८९ रुपयांचा झाला, तोही २८ दिवसांपुरता. महिना २८ दिवसांचा करून वर्षाला तेरा महिने वसूल करण्याची युक्ती गावच्या सावकारालाही सुचली नव्हती!

या काळात जनतेच्या मालकीचे भारत संचार निगम कोठे होते? त्याची देशव्यापी ४जी सेवा सुरू होण्यास सप्टेंबर २०२५ उजाडावा लागला. आधी हातपाय बांधावयाचे आणि मग शर्यतीत मागे पडला म्हणून हसावयाचे, असा हा प्रकार आहे.

तथापि, दरवाढ हा या प्रकरणाचा सौम्य भाग होय. खरा अन्याय कामाच्या जागी घडतो. १ जानेवारी २०२३ पासून केंद्र सरकारने रोजगार हमीच्या सार्वजनिक कामांवर मोबाइलद्वारे हजेरी सक्तीची केली. दिवसातून दोनदा मजुरांचे छायाचित्र काढून ते स्थळ-वेळेच्या नोंदीसह वर चढविले पाहिजे. डोंगराआडच्या पाझर तलावावर रेंज नाही, म्हणून छायाचित्र चढत नाही. छायाचित्र नाही म्हणून हजेरी नाही. हजेरी नाही म्हणून मजुरी नाही. दिवसभर घमेली वाहिलेली बाई कागदोपत्री कामावर आलेलीच नसते. ज्या महाराष्ट्राने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा करून देशाला वाट दाखविली, तेथील मजुरालाही हीच सक्ती लागू झाली. तिच्याविरुद्ध २०२३ च्या फेब्रुवारीपासून मजूर दिल्लीत जंतरमंतरवर धरणे धरून बसले. सरकार काय शिकले? डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने जुन्या केंद्रीय कायद्याच्या जागी नवा कायदा आणला. मोबाइलवरून देखरेख ठेवण्याची तरतूद त्यातही आहे. चोरी ठेकेदाराने करावयाची आणि पाळत मजुरावर ठेवावयाची, हा न्याय जुनाच आहे.

हा सारा कारभार मोबाइल हाती असलेला नागरिक गृहीत धरतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत कधीतरी इंटरनेट वापरलेल्या पुरुषांचे प्रमाण ५७ टक्के होते, स्त्रियांचे ३३ टक्के, आणि ग्रामीण स्त्रियांचे अवघे २५ टक्क्यांच्या आसपास. घरात एक मोबाइल असला तर तो कोणाच्या खिशात असतो, हे सांगावयास पाहणीचीही गरज नाही.

आणि जे सरकार इंटरनेटवाचून मजुरी देत नाही, तेच सरकार मर्जीस येईल तेव्हा इंटरनेट तोडते. काश्मीर खोऱ्यात ऑगस्ट २०१९ मध्ये बंद झालेली ४जी सेवा फेब्रुवारी २०२१ मध्ये परत आली.

मोबाइल म्हणजे चैन, असे मानून काही कार्यकर्ते या प्रश्नाकडे पाठ फिरवितात. ही चूक आहे. रेशन, शिष्यवृत्ती, मजुरी यांची वाट आज याच यंत्रातून जाते. ते खासगी मक्तेदारीच्या हवाली करणे म्हणजे हमरस्ता जकातदाराला आंदण देणे होय. ग्रामीण सेवेसाठी कंपन्यांच्या उत्पन्नावर पाच टक्के आकार बसवून उभारलेला सार्वत्रिक सेवा निधी कित्येक वर्षे मोठ्या प्रमाणात न वापरता पडून राहिला. २०२३ च्या कायद्याने त्याला ‘डिजिटल भारत निधी’ हे नवे नाव मिळाले. तो भारत संचार निगमाकडून आदिवासी व डोंगराळ भागात मनोरे उभारण्यासाठी खर्च झाला पाहिजे; आणि जेथे रेंज नाही तेथे कागदावरची हजेरी ग्राह्य धरून पंधरा दिवसांत मजुरी दिली गेलीच पाहिजे.