हरल्या खऱ्या, पण हिशेब नीट मांडू या

६ ऑगस्ट २०२१ ची सकाळ. टोकियोत आपल्या मुलींचा कांस्यपदकासाठीचा हॉकी सामना ब्रिटनशी चालला होता. इकडे कुकरच्या शिट्ट्या, तिकडे टीव्ही. ०-२ असे मागे पडल्यावर मला बघवेना, मी कणीक मळायला आत गेले. आणि तेवढ्यात गुरजीत कौरने पाठोपाठ दोन गोल केले, वंदना कटारियाने तिसरा! मध्यंतराला आपण ३-२ ने पुढे. शेवटी मात्र ३-४ ने हरलो. मुली मैदानातच रडल्या. शेजारचे काका म्हणाले, "बायकाच शेवटी, रडणारच!" (पुरुष खेळाडू रडले की त्याला देशप्रेम म्हणतात, असा माझा अनुभव आहे.)

मग सुरू झालं, 'हरल्या तरी मनं जिंकली.' मैत्रिणींनो, मला या वाक्याचा राग येतो. ग्रामपंचायतीत आपली बाई थोडक्या मतांनी पडली की गावातले पुढारी हेच म्हणतात. पाठ थोपटायची आणि विषय संपवायचा.

चांगलं शोधायचंच तर हिशेबाने शोधू या. पहिले तिन्ही सामने या मुली हरल्या होत्या : नेदरलँड्सकडून १-५, जर्मनीकडून ०-२, ब्रिटनकडून १-४. अकरा गोल खाल्ले, दोन केले. तिथून उठून त्यांनी आयर्लंडला हरवलं, मग दक्षिण आफ्रिकेला ४-३ असं. त्यात वंदनाचे तीन गोल. ऑलिंपिक हॉकीत हॅटट्रिक करणारी ती पहिली भारतीय स्त्री. उपांत्यपूर्व फेरीत तीन वेळा सुवर्ण जिंकलेली ऑस्ट्रेलिया. तिला १-० ने घरी पाठवलं. गोलात सविता उभी होती! ज्या ब्रिटनने आठवड्याभरापूर्वी तीन गोलांनी हरवलं, त्याच्याशी पदकासाठी झुंजताना फरक एकाच गोलाचा उरला.

१९८० सालीही आपण चौथ्याच होतो, असं कोणी म्हणेल. खरं आहे. पण पुरुषांचं हॉकी ऑलिंपिकमध्ये १९०८ पासून, बायकांचं थेट १९८० च्या मॉस्कोत आलं, आणि तिथे बहिष्कारामुळे बरेच संघ नव्हते. उरले सहा. आपल्या पुण्याची एलिझा नेल्सन त्या संघात होती. त्यानंतर ऑलिंपिक गाठायला २०१६ साल उजाडलं आणि तिथे आपण बारांत बाराव्या. तेव्हा २०२१ चा चौथा नंबर वेगळ्या वजनाचा आहे.

आता वंदनाबद्दल. मे २०२१ मध्ये तिचे वडील गेले. ती बंगळुरूच्या शिबिरात होती, अंत्यदर्शनालाही जाता आलं नाही. ४ ऑगस्टला आपण अर्जेंटिनाकडून हरलो आणि हरिद्वारजवळच्या तिच्या गावात घरासमोर फटाके फुटले, जातीवरून शिवीगाळ झाली. संघात दलित मुली फार घेतल्या म्हणून हरलो, असं ते म्हणत होते, अशी कुटुंबाची तक्रार. पोलिसात गुन्हा नोंदला गेला. दोन दिवसांनी वंदना मैदानात उतरली आणि तिसरा गोल तिचाच. हे 'धैर्य' म्हणून टाळ्या वाजवायला मी तयार नाही. बाईने गोलही करायचा आणि अपमानही गिळायचा, हा कुठला नियम? फटाके फोडणाऱ्यांबद्दल किती अग्रलेख आले, ते आठवून पाहा.

आणि टाळ्या पुरत नाहीत हेही दिसलंच. जानेवारी २०२४ मध्ये रांचीत जपानकडून ०-१ ने हरून पॅरिसची संधी गेली. तेव्हा मनं जिंकल्याचं फारसं कोणी बोललं नाही.

आमच्या गावच्या शाळेच्या मैदानावर संध्याकाळी मुलींना खेळू द्यावं म्हणून आम्ही तीनदा अर्ज केला. कारणं तीन वेळा वेगवेगळी, उत्तर एकच. पहिल्या अर्जावर बारा सह्या होत्या, तिसऱ्यावर एकाहत्तर. त्यांत मुलींच्या आज्यांचे अंगठेही आहेत. चौथा अर्ज लिहून झालाय, सोमवारी घेऊन जायचाय.