स्कूटी आपली, ब्रेक मात्र दुसऱ्याच्या भरवशावर?

परवा बचत गटाच्या बैठकीहून परतताना बाजारपेठेच्या उतारावर माझ्या जुन्या स्कूटीचा मागचा ब्रेक दाबला, तर लिव्हर थेट मुठीला टेकली! समोर दप्तरं घेतलेली दोन पोरं. पुढचा ब्रेक लागला म्हणून निभावलं. घरी आल्यावरही बराच वेळ हात थरथरत होते. आणि खरं सांगू? ब्रेक सैल झालाय हे मला पंधरा दिवसांपासून ठाऊक होतं. 'ह्यांना रविवारी वेळ मिळाला की गॅरेजला नेतील,' म्हणत मी चालढकल करत होते.

मैत्रिणींनो, गाडी आपण चालवतो, पेट्रोल आपण भरतो, मुलांना शाळेत आपणच सोडतो. पण दुरुस्ती म्हटलं की आपण मागे सरतो. कुकरची रिंग आपण बदलतोच ना? मग ब्रेकचं काय एवढं?

दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या मेकॅनिकसमोर उभी राहिले आणि शिकून घेतलं. मागच्या चाकाच्या ड्रममध्ये दोन अर्धगोल ब्रेक शू असतात. लिव्हर दाबली की केबल ओढली जाते, शू फाकतात आणि त्यांच्यावरचं लायनर ड्रमला आतून घासून चाक थांबतं. रोज घासून लायनर झिजतं, म्हणून लिव्हर जास्त दाबावी लागते.

उपाय सोपा. इंजिन बंद करून गाडी डबल स्टँडला लावायची. मागच्या चाकाशी केबलच्या टोकाला नट असतो, तो पान्याने अर्धा-अर्धा फेरा आवळायचा. लिव्हरचं टोक साधारण १० ते २० मिलिमीटर मोकळं हलावं. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. मग हाताने चाक फिरवून बघायचं. अडकत असेल तर नट थोडा सैल करायचा. जास्त आवळला तर ड्रम तापतो, लायनर लवकर झिजतं नि पेट्रोलही जास्त जातं.

मात्र एप्रिल २०१९ पासून विकल्या गेलेल्या १२५ सीसीपर्यंतच्या बहुतेक स्कूटींना सीबीएस असतं, म्हणजे डावी लिव्हर दाबली की दोन्ही ब्रेक लागतात. तिथे पुस्तिका वाचल्याशिवाय नटाला हात लावू नका.

आणि नट आवळण्यालाही शेवट असतो बरं का! बऱ्याच गाड्यांत ब्रेकच्या दांडीजवळ एक बाण असतो. ब्रेक पूर्ण दाबल्यावर तो खुणेला टेकला, की लायनर संपलं. मग शू बदलायलाच हवेत. त्यासाठी चाक काढावं लागतं, बऱ्याच स्कूटींत सायलेन्सरही. ते काम मी मेकॅनिककडेच देते, पण शेजारी उभी राहून. दोन्ही शू बदलले का, लायनरला ग्रीस तर लागलं नाही ना, हे बघते. ड्रममधली धूळ फुंकू मात्र देत नाही. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो, तो फुप्फुसांना घातक. ओल्या फडक्याने पुसायची.

सासूबाई म्हणाल्या, "हात काळे करायचं हे बाईचं काम का गं?" मी म्हटलं, "आई, चुलीपाशी तुमचे हात कुठे गोरे राहिले होते?" त्या हसल्या.

पुढच्या बैठकीत आम्ही पापडांच्या हिशेबाआधी सगळ्यांच्या स्कूटींचे ब्रेक बघणार आहोत. तुम्हीही आज गाडी काढण्याआधी एकदा लिव्हर दाबून बघा. रविवारची वाट बघू नका.