स्कॉलरशिप वेगळी, फ्रीशिप वेगळी

दहावी-बारावीचा निकाल लागला की आपल्या वस्त्यांत दोन इंग्रजी शब्द घरोघरी फिरू लागतात: स्कॉलरशिप आणि फ्रीशिप. दोन्हींचे शेपूट एकच, म्हणून एकाच्या जागी दुसरा सर्रास वापरला जातो. बोलण्यात ते खपते, फॉर्मवर खपत नाही.

हे ‘शिप’ म्हणजे शाळेत शिकवलेले जहाज नव्हे. ‘मोठेपण’ मधले ‘पण’, ‘मित्रत्व’ मधले ‘त्व’, तसे ते. फरक आहे तो पुढच्या अर्ध्या शब्दात. स्कॉलर म्हणजे अभ्यासक. त्याला शिकता यावे म्हणून दिलेली रक्कम ती स्कॉलरशिप, आपली शिष्यवृत्ती. १९१३ साली बाबासाहेब अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोदा सरकारच्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर. फ्री म्हणजे फुकट. फ्रीशिप म्हणजे नुसती फीची माफी.

महाराष्ट्रात अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी या दोन वेगळ्या योजना आहेत. आईवडिलांचे वार्षिक उत्पन्न अडीच लाख रुपयांपर्यंत असेल तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती. तिच्यात फी मिळते आणि वर निर्वाह भत्ताही. उत्पन्न त्याहून जास्त असेल तर फ्रीशिप. तिच्यात शिक्षण फी व परीक्षा फी मिळते, भत्ता मिळत नाही.

आता पाहा. हिंगणघाटला जिनिंगमध्ये राबणाऱ्या बापाच्या मुलीने फ्रीशिप निवडली, तर तिचा अर्ज अडतो आणि हक्काचा भत्ता लांबणीवर पडतो. उलट पुलगावच्या डेपोतला एखादा कामगार ‘आपला पगार जास्त, आपल्याला काही मिळत नाही’ असे समजून फॉर्मच भरत नाही आणि कर्ज काढून फी भरतो. दोघांचेही नुकसान एका शब्दापायी.

एक अट मात्र ध्यानात ठेवावी. इंजिनिअरिंगसारख्या कोर्सला प्रवेश शासनाच्या कॅप राउंडमधून घेतलेला हवा. मॅनेजमेंट कोट्याला या दोन्ही योजना लागू नाहीत.

म्हणून आमचे सांगणे असे: तहसीलमधून उत्पन्नाचा दाखला आधी काढा, त्यावरचा आकडा वाचा, मगच महाडीबीटीवर योजना निवडा. अडले तर वर्ध्याच्या समाजकल्याण कार्यालयात बेलाशक विचारा. आणि फॉर्म दुसऱ्या कुणाकडून भरून घेत असाल, तर मुलीला शेजारी बसवा. दोन्ही शब्दांचा अर्थ तिला ठाऊक असला की चूक तिथल्या तिथे पकडली जाईल.